‘कारण’ नावाचा रकाना

नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशात तोरणमाळ अगदी वरच्या अंगाला, सातपुड्याच्या माथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची अकराशे मीटरच्या वर. थंड हवेचे ठिकाण म्हणून लोक येतात, यशवंत तलाव पाहतात, सीताखाईच्या कड्यावर उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत घाट उतरून शहाद्याला परततात. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेत मात्र गर्दी मावत नाही. आम्ही मास्तर लोक सहलीच्या निमित्ताने या ठिकाणाची माहिती मुलांना सांगतो, ती एवढीच. पण इतिहासाच्या दृष्टीने ही जागा मोठी नामी आहे. दक्षिणेकडे तापीचे खोरे, म्हणजे आपला खानदेश. उत्तरेला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे माळवा. माळव्याच्या सुलतानांची राजधानी मांडू येथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे.

मांडूचे नाव घेण्याचे कारण आहे. मनोरुग्णाला बरे करण्याचे काम ज्यांनी पत्करले, त्या हकीम-डॉक्टरांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे आम्हाला या लेखात पाहायचे आहे. आजाऱ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण उपचार करणाऱ्याच्या नजरेविषयी फार कमी. तिचा शोध घ्यायचा तर आमच्या भागात तो मांडूपासूनच सुरू होतो.

पंधराव्या शतकात खानदेशावर फारुकी घराण्याचे राज्य होते आणि माळव्यावर खिलजींचे. माळव्याचा महमूद खिलजी (कारकीर्द १४३६ ते १४६९) याने राजधानीत एक शिफाखाना उभारला. त्यात वेड लागलेल्यांसाठी वेगळी सोय होती आणि देखरेख मौलाना फजलुल्लाह हकीम यांच्याकडे होती. हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी राज्याने केलेल्या व्यवस्थेची ही फार जुनी नोंद आहे. तिच्यामागे युनानी वैद्यकाची मोठी परंपरा होती. इब्न सिनाच्या ‘कानून’मध्ये मालिखोलियाची, म्हणजे आजच्या भाषेत खोल उदासीच्या आजाराची, चर्चा मेंदू आणि शरीराच्या इतर आजारांच्या बरोबरीने येते. शरीरातील चार द्रवांपैकी काळे पित्त, म्हणजे ‘सौदा’, वाढले की माणूस ‘सौदाई’ होतो, अशी ती उपपत्ती. मराठीत सौदा म्हणजे देवघेव. उर्दू गझलेत सौदा म्हणजे वेड. हा शब्द हकिमाच्या दवाखान्यातून शायराच्या घरात गेलेला आहे. उपपत्ती आज कोणी मानणार नाही, पण तिच्यातली नजर पाहण्यासारखी आहे. पित्त वाढले त्यात रोग्याचा गुन्हा काय? तो दवाखान्यातच यायला हवा.

आपल्या सभा-संमेलनांतून या परंपरेचा अभिमान सांगितला जातो. तो सांगावा, पण अर्धाच सांगू नये. कैरोचा कलाऊनचा शिफाखाना (१२८४) काय किंवा तुर्कस्तानातल्या एदिर्नेचा (१४८८) काय, तिथे पाण्याचे कारंजे होते, संगीत होते, आणि उपद्रवी रोग्यासाठी साखळीही होती. एदिर्नेला गेलेल्या एव्हलिया चेलेबी या सतराव्या शतकातल्या प्रवाशाने दोन्ही गोष्टी नोंदल्या आहेत. दयाळू नजर आणि साखळी एका छताखाली नांदू शकतात.

मांडू ओसाड पडले, फारुकी गेले, पुढे मोगल, मराठे आणि इंग्रज आले. इंग्रजांच्या काळात वेड्यांची सोय हा कायद्याचा विषय झाला. १८५८ च्या कायद्याने भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांकडे दिले. दाराशी पोलीस, आत सिव्हिल सर्जन. हा सिव्हिल सर्जन जिल्ह्याचा दवाखाना पाही, तुरुंग पाही, आणि उरलेल्या वेळात वेड्यांचे इस्पितळ. मुंबई इलाख्यात अशी इस्पितळे कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथे होती. घरचे लोक सहसा आपल्या माणसाला तिथे नेत नसत. रस्त्यावर सापडलेला, नाव-गाव सांगता न येणारा गरीब मात्र तिथे पोचत असे.

या इस्पितळांत दाखल होणाऱ्या प्रत्येकाचा एक तक्ता भरला जाई. नाव, जात, धंदा, वय, आणि एक रकाना ‘वेडाचे कारण’. या रकान्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या मते डॉक्टरांच्या दृष्टिकोनाचा सारा इतिहास त्या एका चौकटीत मावतो.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानात गांजा ओढून लोक वेडे होत आहेत आणि सरकार त्यावर महसूल घेत आहे. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, एकूण सात सभासद, त्यांत तीन हिंदी. कमिशनने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये कित्येक खंडांचा अहवाल दिला. गांजाचा वेडाशी संबंध दाखवणारा सर्वांत मोठा पुरावा होता तो इस्पितळांच्या तक्त्यांचा. डॉक्टरांच्या सहीचे आकडे. त्यांवर कोण शंका घेणार? कमिशनने घेतली. १८९२ या एका वर्षात दाखल झालेले रुग्ण होते १३४४. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले होते. कमिशनने या २२२ नोंदींची मुळापासून फेरतपासणी केली. माणूस कुठला, घरात आधी कोणाला हा आजार होता का, नशा आधी की वेड आधी, हे विचारले गेले. तपासाअंती केवळ या नशेमुळे वेड लागले असे मानता येण्यासारखे ६१ जण निघाले. इतर कारणांच्या जोडीला नशाही होती असे ३७. मिळून ९८. बाकीच्या १२४ माणसांच्या नावापुढचे ‘कारण’ टिकले नाही.

मग ते लिहिले कोणी? बहुतेक वेळा पोलिसाने. माणूस रस्त्यावर बडबडताना सापडला, कोणी सांगितले की हा चिलीम ओढतो, पोलिसाने गांजा लिहिले. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून कागद तसाच पुढे गेला. इस्पितळात रकाना रिकामा ठेवणे किंवा ‘माहीत नाही’ लिहिणे वरिष्ठांना आवडत नसे, म्हणून डॉक्टरांनी तेच उतरवून घेतले. वर्षाअखेर बेरीज झाली, बेरजेचा तक्ता झाला, तक्ता अहवालात छापला गेला आणि अहवाल वाचून पुढच्या डॉक्टरांची खात्री पटली की गांजा हेच हिंदुस्थानातील वेडाचे मोठे कारण. आता नवा माणूस आला की पहिला प्रश्न, गांजा ओढतोस काय? इतिहासकार जेम्स मिल्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा व्यवहार उलगडून दाखवला आहे. त्यात कोणी डॉक्टर खलनायक नाही. घाई आहे, कामाचा बोजा आहे, आणि समोरच्या माणसाला विचारून काही उपयोग नाही ही खात्री आहे.

आम्हा शिक्षकांना या रकान्याचे नवल वाटणार नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो आणि महाराष्ट्रभर त्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले सापडते. ऊसतोडीला गेलेले मूल, लग्न ठरलेली मुलगी, बापाच्या हातगाडीवर बसलेला मुलगा, सगळे पालकांच्या विनंतीवरून. कागद पुरा होतो आणि मूल कुठे गेले ते कळत नाही.

गांजाच्या रकान्यात फकीर फार होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. फकीर, बैरागी, भिक्षेकरी. गोरक्षनाथाच्या यात्रेत धुनीपुढे बसलेला जोगी आणि उरुसात कलंदरी घोषणा देणारा मलंग हे गावकऱ्यांना चांगले वेगवेगळे कळतात. यातला कोण मस्तीत आहे, कोण ढोंगी आहे आणि कोण खरोखर आजारी आहे, याचाही अंदाज गावाला असतो. पोलिसाला आणि साहेबाला तिघे सारखेच दिसले. उर्दूत ‘दिवाना’, ‘मजज़ूब’, ‘सौदाई’, ‘पागल’ हे चार शब्द चार निरनिराळ्या माणसांसाठी आहेत. इस्पितळाच्या तक्त्यात चौघांना एकच शब्द होता.

पुढची वर्षे थोडक्यात सांगतो. १९१२ मध्ये नवा कायदा झाला. १९२० च्या सुमारास ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव आले. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. १९४६ च्या भोर समितीसाठी रांचीच्या इस्पितळाचे प्रमुख कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालये पाहिली. इंग्लंडात ३०० लोकांमागे मनोरुग्णासाठी एक खाट, हिंदुस्थानात ४०,००० मागे एक, असा हिशेब त्या अहवालात आहे. टेलर हे स्वतः त्याच खात्यातले, पण बहुतेक इस्पितळे माणसांना कोंडून ठेवण्यापुरतीच आहेत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. फाळणीनंतर १९५० मध्ये लाहोर आणि अमृतसर यांच्या दरम्यान मनोरुग्णांची अदलाबदल झाली, धर्म पाहून. मंटोची ‘टोबा टेक सिंग’ आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना ती कल्पित वाटते. तिच्या पाठीमागे खरी सरकारी कारवाई होती. १९५२ मध्ये मजाज़ रांचीच्या मनोरुग्णालयात होते, आणि त्याच वर्षी नजरुल इस्लामही तिथेच. उर्दू आणि बंगालीचे दोन मोठे कवी एका आवारात. एकमेकांशी काय बोलले असतील, हे कोणत्याही केस पेपरवर उतरलेले नाही.

त्याच अमृतसरच्या इस्पितळात त्या दशकात डॉ. विद्यासागर प्रमुख होते. माणसे फार, खाटा कमी, नोकर त्याहून कमी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रोग्याच्या घरच्यांना सांगितले, तुम्हीही राहा. आई, बायको, भाऊ रोग्याजवळ राहू लागले, त्याला खाऊ घालू लागले. संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांना जमवून बसत; आजार काय आहे, घरी गेल्यावर कसे वागायचे, हे त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या गोष्टी सांगून समजावत. रोगी लवकर घरी जाऊ लागले. नातेवाईक रोग्याला टाकून पळतात, हे तोवर मनोरुग्णालयांतले ठरीव वाक्य होते. विद्यासागरांनी नातेवाइकांना राहायला जागा दिली आणि ते राहिले. पुढे वेल्लोर आणि बंगलोर येथेही कुटुंबासह उपचाराची पद्धत रुजली. मनोविकारशास्त्राच्या इतिहासात भारताचे नाव घ्यायचे तर आम्ही आधी या तंबूंचे घेऊ.

तंबूंचा हा धडा सगळीकडे पोचला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ मध्ये ३७ मनोरुग्णालयांचा अहवाल काढला. त्यात अनेक ठिकाणी तुरुंगासारखी रचना, कुलुपे आणि रोग्याला टाकून देण्याची जागा झालेली रुग्णालये आढळली. महाराष्ट्रातील ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतली. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. तोरणमाळहून ठाणे चारशे किलोमीटरहून अधिक आहे.

मग लोक कुठे जातात? आमच्या लोकांचे उत्तर सर्वांना माहीत आहे. दर्ग्यावर.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. आत साखळीने बांधलेली माणसे होती. २८ जण मेले. पळता येत नव्हते म्हणून मेले. त्या बातमीने आम्हा सर्वांची मान खाली गेली, आणि जायलाच हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तशी ठिकाणे बंद झाली, माणसे हलवली गेली. यात दोन गोष्टींची गल्लत मात्र झाली. आग लागली ती साखळी लावून पैसे घेणाऱ्या धंद्याच्या जागेत. दोष मात्र दर्ग्यावर जाणाऱ्या प्रत्येक आईच्या श्रद्धेला लावला गेला. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द तेव्हापासून डॉक्टरांच्या तोंडी फार सहज येतो. आम्हाला तो ऐकला की गांजाचा रकाना आठवतो. रुग्ण उशिरा आला, कारण अंधश्रद्धा. गोळ्या सोडल्या, कारण अशिक्षित. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ किती दिवस बसतात, एसटीचे भाडे किती, गोळ्यांनी दिवसभर झोप येते तर मजुरीवर कोण जाणार, हे प्रश्न त्या रकान्यात बसत नाहीत.

आमच्या आप्तांतील एका तरुणाला अशाच एका मोठ्या शहरात दाखवायला नेले होते. डॉक्टर हुशार होते, औषधही पुढे लागू पडले. पण त्या दहा मिनिटांत सगळे प्रश्न त्याच्या मामूंना विचारले गेले. ‘याला काय होते? हा झोपतो का?’ मुलगा समोर बसलेला. शेवटी तोच म्हणाला, ‘जी घबराता है, साहब.’ डॉक्टरांनी ते छातीत धडधड असे ऐकले आणि हृदयाचा आलेख काढायला लिहून दिले. उर्दू घरात हे चार शब्द कोण कशासाठी बोलतो, ते नातवालाही कळते.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपले रुग्ण कधी सुधारत नाहीत, असे मनोविकारतज्ज्ञांना वाटते याचे एक साधे कारण संशोधकांनी १९८० च्या दशकात मांडले. बरा झालेला रुग्ण परत येत नाही. न सुधारलेला वर्षानुवर्षे येत राहतो. डॉक्टरांच्या बाकावर म्हणून सदैव तेच चेहरे दिसतात आणि आजार असाध्य आहे अशी समजूत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा सुरू केला, त्यात आपले आग्राही होते. आग्र्याचे रुग्ण दोन वर्षांनी श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक सावरलेले दिसले. या निष्कर्षावर आजही वाद आहे, पण घरात राहणे आणि हाताला काही काम असणे याचे मोल त्याने पुढे आणले.

दर्ग्याकडे दुसऱ्या नजरेने पाहणारेही अभ्यासक निघाले. सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या ग्रंथात दिल्लीच्या दर्ग्यावरील पीराचे काम मनोविश्लेषकाच्या बरोबरीने ठेवून पाहिले. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातील दर्ग्यांवर लिहिले. घरात छळ सोसलेल्या बाईला दर्ग्याच्या आवारात ओरडता, रडता, लोळता येते आणि तिला कोणी वेडी ठरवत नाही, हे अशा ठिकाणी डोळे उघडे ठेवून बसले तर कोणालाही दिसेल.

कृती केली ती शेजारच्या गुजरातने. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. आमच्या खानदेशातून तिथे हाजरीसाठी जाणारी घरे कमी नाहीत. २००८ मध्ये राज्य सरकार आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून तिथे ‘दवा-दुआ’ हा उपक्रम सुरू केला. मुजावरांना आजाराची लक्षणे समजावून दिली. त्यांनी दुआ करावी आणि रोग्याला आवारातल्या दवाखान्यातही पाठवावे, असे ठरले. डॉक्टर दर्ग्यावर येऊन बसले, ही मोठी गोष्ट. मुजावर सहजासहजी राजी झाले नसतील, हे आम्ही आपल्या लोकांना ओळखून सांगतो. पण मुजावराने ‘दवाही घे’ म्हटले की माणूस गोळी घेतो, हे उनाव्यात दिसून आले. साखळीचा प्रश्न मात्र दुआने सुटत नाही. तिथे कायदाच हवा.

तोरणमाळला परत येऊ. तिथल्या पाड्यांवर पावरा आणि भिल्ल लोक राहतात, पावरी आणि भिली बोलतात. आजाऱ्याला आधी बडव्याकडे नेतात. बडवा कधी सुपात दाणे टाकून धीर देतो, आणि कधी एखाद्या बाईकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवतो. मग त्या बाईचे हाल कुत्रा खात नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणि त्यासाठी प्राण दिलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनी नंदुरबारात केलेले काम, याची गरज म्हणूनच होती आणि आहे. बडव्याच्या हातातही एक रकाना आहे, आणि त्यात तो शेजारणीचे नाव लिहितो. आमच्यातले काही आमिल ‘किसी ने करवाया है’ म्हणून भावजयीकडे बोट दाखवतात, तो हाच प्रकार. डॉक्टरांना एक माप आणि आमिलांना दुसरे, असे आम्ही करणार नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आता लागू आहे. रोग्याला साखळीने बांधण्यास त्याने कोणत्याही जागी, कोणत्याही कारणाने मनाई केली. आपल्या वतीने बोलणारा माणूस निवडण्याचा आणि उपचार कसा हवा हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क त्याने रोग्याला दिला. त्याच कायद्याच्या व्याख्येत मानसिक आरोग्याचे व्यावसायिक म्हणून मनोविकारतज्ज्ञांबरोबर युनानीतील ‘मुआलजात नफ्सियात’ या विषयाचे पदव्युत्तर पदवीधरही येतात. मौलाना फजलुल्लाह हकिमांचा धंदा असा पुन्हा कायद्याच्या पुस्तकात आला, याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. आमच्याच जिल्ह्यात अक्कलकुव्याला युनानी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे. तेथून पदवी घेतलेली मुले-मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत दवाखाने घालू शकतात. त्यांतल्या दोघा-चौघांनी पुढे हा विषय घेतला, तर उर्दू, मराठी आणि पावरी अशा तिन्ही भाषा कानावरून गेलेला डॉक्टर या डोंगराला मिळेल.

कारण कायद्यात आणखी एक कलम आहे. दाखल झालेल्या रोग्याला त्याचा आजार आणि उपचार त्याला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो. तोरणमाळच्या पाड्यावरून आलेल्या बाईपुरती ती भाषा पावरी आहे. आणि सांगणाऱ्याला पावरी यायची, तर आधी त्याने ती तिच्याकडून ऐकलेली असली पाहिजे.